आधी बघायला तर येऊ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मागच्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की जुन्या वाचनालयांमध्ये हल्ली लोक नुसते फिरायला येतात, फोटो काढतात, रील बनवतात, आणि वाचनालय ही वाचायची जागा असल्यामुळे जे सभासद नाहीत त्यांना दारातच थांबवावं. पत्र तळमळीने लिहिलेलं होतं. शांततेबद्दल ते जे म्हणाले ते मला शंभर टक्के पटलं, अभ्यासाला बसलेल्या माणसाच्या डोक्याशी उभं राहून कोणी व्हिडिओ काढत असेल तर ते चूकच आहे, त्यात वादच नाही. पण दारातच थांबवा हे अजिबात पटलं नाही म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलंय, काटछाट केलीत तरी चालेल पण ठाण्याबद्दलचा भाग कृपा करून ठेवा.

आपल्याकडे एखाद्या मोठ्या जुन्या इमारतीत शिरायचं म्हटलं की माणूस आधी वॉचमनकडे बघतो. आपल्याला सोडतील का, कार्ड लागेल का, कोणी काय काम आहे विचारलं तर काय सांगायचं. देवळात असं होत नाही, किल्ल्यावर होत नाही, मॉलमध्ये तर नाहीच नाही, पण वाचनालयाच्या दारात होतं, कारण लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं की आत जाणारी माणसं म्हणजे शिकलेली, प्रोफेसर वगैरे, आपण कोण. हा संकोच घालवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे माणसाला पाहुणा म्हणून आत येऊ देणं. तो बघायला येईल, बघून जाईल, आणि त्यातला एखादा परत येईल. मी हे हवेत बोलत नाहीये, आमच्या सोसायटीत झालेलं सांगते.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पाचपाखाडीतली काही कुटुंबं मिळून मुंबईचा टाउन हॉल बघायला गेलो होतो, तोच तो हॉर्निमन सर्कलचा, जिथे एशियाटिक सोसायटी ही अभ्यासकांची जुनी संस्था आणि तिचं वाचनालय आहे. ठाण्याहून फास्ट पकडली, सीएसएमटीला उतरलो आणि तिथून चालत. त्या पायऱ्या सगळ्यांनी बघितलेल्या असतात, सिरियलमध्ये, पिक्चरमध्ये, लोकांच्या लग्नाआधीच्या फोटोंमध्ये. तीस पायऱ्या आहेत, पोरांनी मोजत मोजत चढल्या. वर गेलं की ते जाडजूड ग्रीक पद्धतीचे खांब, कवेत मावत नाहीत एवढे. इमारत १८३३ साली पूर्ण झाली, कर्नल थॉमस कूपर नावाच्या इंजिनिअरने बांधली, आणि संस्था तर त्याच्याही आधीची, १८०४ मध्ये सर जेम्स मॅकिंटॉश यांनी लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे म्हणून सुरू केलेली. खांबांची एक गोष्ट सांगतात, की इंग्लंडहून आणले तेव्हा ते फारच मोठे निघाले म्हणून त्यातले काही भायखळ्याच्या चर्चला लावले. आम्ही गेलो तेव्हा पायऱ्यांवर बरीच मंडळी बसलेली होती, कोणी फोटो काढत होतं, कोणी वडापाव खात होतं, आणि त्यातलं कोणीच वर दाराकडे बघतसुद्धा नव्हतं. मला खरंच वाईट वाटलं. त्यांच्या पाठीमागे, अगदी पाठीला लागून, एक लाखाच्या वर पुस्तकं आहेत, संस्कृत, प्राकृत, फारसी हस्तलिखितं आहेत, महाभारतातल्या आरण्यक पर्वाची १५१६ सालची चित्रं असलेली पोथी आहे, नाण्यांचा इतका मोठा संग्रह आहे की त्यात गुप्त राजांपासून अकबराच्या मोहरेपर्यंत आणि शिवाजी महाराजांच्या नाण्यांपर्यंत सगळं आहे. इटलीचा कवी दांते, त्याच्या महाकाव्याची जी अगदी जुनी हस्तलिखितं जगात उरलीत त्यातलं एक इथे आहे, आणि इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याने ते मोठी रक्कम देऊन मागितलं तेव्हा सोसायटीने नाही म्हणून सांगितलं अशी गोष्ट तिथं अजून सांगितली जाते. हे सगळं रोज मांडून ठेवलेलं असतं असं मी म्हणत नाही, एवढ्या जुन्या कागदाला उजेड पण सोसत नाही. पण आपल्या मुंबईत हे आहे, एवढं तरी पायऱ्यांवर बसलेल्या माणसाला कळायला हवं की नाही?

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो गारवा, उंच छत आणि लाकडी जमीन. चालताना पायाखाली हलकासा आवाज येतो त्यामुळे आपोआपच सगळे हळू चालायला लागले, पोरांना कोणाला गप्प करावं लागलं नाही. आमच्या मजल्यावरचे एक काका आहेत, जन्मभर फर्निचरचं काम केलेलं, रंधा आणि करवत यातच आयुष्य गेलं, पुस्तकाशी काही संबंध नाही, त्यांना काकूंनी जवळजवळ ओढूनच आणलं होतं. तर हे काका बाकीचे पुढे गेले तरी तिथेच उकिडवे बसले आणि जमिनीच्या फळ्यांवरून तळहात फिरवत होते. फळीला फळी कशी बसवलीय, सांधा कुठे आलाय, किती वर्षांत किती झिजलीय ते नखाने चाचपून बघत होते. मग ते लोखंडी गोल जिन्यापाशी गेले आणि कठडा कसा बसवलाय ते वाकून वाकून बघितलं. तिथले एक कर्मचारी बघत होते, मला वाटलं आता हटकतात, पण ते स्वतःहून आले आणि जुन्या कपाटांकडे घेऊन गेले, हे बघा म्हणाले, बिजागऱ्या बघा. दोघांची अर्धा तास गट्टी जमली. पुस्तकाच्या कपाटाशी काका पोचले ते कपाट बघायला, आणि तिथे उभे असताना त्यांनी विचारलं की लाकूडकामावर मराठीत पुस्तक असतं का हो. हे काका आता ठाण्यात वाचनालयाचे सभासद आहेत. सुरुवात दिवाळी अंकांच्या योजनेपासून केली, आता काकू म्हणतात रात्री दिवा घालवत नाहीत.

त्या पत्रलेखकांच्या नियमाने काका दारातच थांबले असते.

अजून एक गोष्ट मला सांगायचीय ती ठाणेकरांसाठी खास आहे. टाउन हॉलमध्ये संगमरवरी पुतळे आहेत, बहुतेक सगळे गोरे साहेब, एल्फिन्स्टन, माल्कम असे, आणि त्यांच्यात आपले नाना, जगन्नाथ शंकरशेट. पोरं विचारायला लागली हे कोण, तेव्हा सांगितलं की आज सकाळी आपण ज्या लाइनवरून आलो ना ठाण्याहून, ती सुरू करायला जी कंपनी काढली त्यात हे होते, आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली त्यात हे स्वतः बसले होते. पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले. शाळेच्या पुस्तकात ती तारीख पाठ केलेली असते, पण त्या गाडीतला माणूस समोर आहे आणि आपण त्याच रुळांवरून आलोय हे कळणं वेगळं.

आणि सोपारा. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याच्या टेकाडाखाली बौद्ध स्तूप शोधला, तेव्हा सोपारा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर वेगळं व्हायला २०१४ उजाडलं. स्तूपाच्या आत दगडाची मोठी पेटी निघाली, तिच्यात ब्राँझच्या आठ छोट्या मूर्ती आणि मधे तांब्याचा करंडक म्हणजे झाकणाची डबी, तांब्याच्या आत चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा, आणि सगळ्यात आत सोन्याचा इवलासा करंडक, त्यात सोन्याची फुलं आणि बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे. हे सगळं एशियाटिक सोसायटीने सांभाळलंय. परत निघताना पायऱ्यांवर बसून मी पोरांना हे सांगत होते तर बाजूला फोटो काढणारी दोन कॉलेजची मुलं पण ऐकायला थांबली, विरारची निघाली, रोज नालासोपाऱ्यावरून येतात जातात आणि त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. लगेच म्हणाली, आत जाता येतं का? बघा. त्या मुलांना आत जायला फक्त एवढंच लागलं, कोणीतरी सांगणारं. पायऱ्यांपाशी एक मोठा फोटो, खाली मराठीत चार ओळी आणि आत या असा बाण लावला तर रोज किती जण वर चढतील.

त्याच इमारतीत राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९५४ च्या कायद्याने देशातल्या प्रकाशकांनी प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि शिवाय चेन्नई, दिल्ली आणि मुंबईच्या ग्रंथालयांना पाठवायची असते, त्यातलं मुंबईचं ते हे. १९५६ मध्ये दुरुस्ती होऊन त्यात वर्तमानपत्रं पण आली, म्हणजे तुमचा पेपरसुद्धा. महामहोपाध्याय पां. वा. काणे, ज्यांना १९६३ मध्ये भारतरत्न मिळालं, त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या त्या अवाढव्य कामाला एशियाटिकच्या याच ग्रंथसंग्रहाचा केवढा आधार होता. आणि काणे आपले कोकणातले, वकिली करत करत हे काम केलेलं. अशा ठिकाणी आपल्या पोरांनी पाय ठेवायचा नाही, कारण त्यांच्याकडे कार्ड नाही?

पर्यटक आले की वाचकांना त्रास होणारच असं त्या पत्रात गृहीत धरलंय. तसं काही नसतं, व्यवस्था असली तर दोन्ही होतं. माझी मुलगी न्यू जर्सीला असते, तिच्याकडे गेले असताना न्यूयॉर्कचं पब्लिक लायब्ररी बघितलं, फिफ्थ अव्हेन्यूवरचं, दारात दोन संगमरवरी सिंह असलेलं. १९११ साली उघडलेली इमारत. आत यायला तिकीट नाही, कार्ड नाही, बॅग दाखवायची आणि आत. पण वरचा जो मोठा वाचन कक्ष आहे, जवळजवळ तीनशे फूट लांब, तिथे कोणीही उठून भटकत नाही. जे वाचायला आलेत ते आत टेबलांवर, बघायला आलेल्यांना ठरलेल्या वेळी गाइड थोडा वेळ घेऊन जातो, हळू आवाजात सांगतो आणि बाहेर आणतो. बाकी वेळ बघणाऱ्यांसाठी खाली प्रदर्शनाची वेगळी दालनं आहेत, तिथे फोटो काढा, बोला, काही हरकत नाही. गाइडमध्ये स्वयंसेवक आहेत, आमच्या गटाला एक आजी होत्या, सत्तरीच्या तरी असतील. त्यांनी सांगितलेलं एक माझ्या अजून डोक्यात आहे, की लाखो पुस्तकं शेजारच्या बागेच्या खाली जमिनीत ठेवलेली आहेत आणि तुम्ही पुस्तक मागितलं की ते छोट्या लाल डब्यात बसून रुळांवरून वर येतं, सरळ उभ्या भिंतीवरून सुद्धा तो डबा चढतो आणि आतलं पुस्तक आडवंच राहतं. हे डबे २०१६ मध्ये आले, त्याआधी सामानासारखं पट्ट्यावरून यायचं. आणि २०१४ मध्ये त्या कक्षाच्या छताला लावलेलं प्लास्टरचं एक फूल रात्री खाली पडलं तर त्यांनी तो कक्ष दोन वर्षांच्या वर बंद ठेवून छत फुलागणिक तपासलं. लोक येतात, बघतात, प्रेम करतात म्हणून अशा कामाला पैसे उभे राहतात असं त्या आजी म्हणाल्या आणि मला ते पटलं. ज्या इमारतीत कोणी शिरत नाही तिचं छत गळलं तर ओरडणार कोण?

परदेशाचं कौतुक करायला मी हे लिहीत नाहीये. पैसा त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे तेवढा नाही, मान्य. पण ठरलेली वेळ, एक सांगणारं माणूस आणि वाचकांच्या टेबलांपासून लांब एक दोरी, याला पैसा किती लागतो? आपल्याकडेही चांगलं काम होतंच की. काळा घोड्याचं डेव्हिड ससून लायब्ररी, १८७० ची ती पिवळ्या मालाड दगडाची इमारत, २०२३ मध्ये दुरुस्त होऊन इतकी सुंदर झालीय की मागच्या बागेत बसलं तर उठावंसं वाटत नाही. एशियाटिकने जुनी पुस्तकं स्कॅन करून ऑनलाइन ठेवलीत, लोकांना पुस्तक दत्तक घेता येतं म्हणजे एका जुन्या पुस्तकाच्या दुरुस्तीचा खर्च आपण द्यायचा. पण मला सांगा, ज्याने ते पुस्तक कधी बघितलंच नाही तो दत्तक कशाला घेईल.

आता ठाण्याबद्दल, म्हणजे ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय.

आपल्याकडे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. १ जून १८९३ ला सुरू झालं, फक्त मराठी पुस्तकं जमवायची आणि जपायची म्हणून. तेव्हा विद्यापीठात मराठीला काय किंमत होती ते सगळ्यांना माहीत आहे, आणि तशा काळात विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी ठाण्यासारख्या तेव्हाच्या छोट्या गावात हे उभं केलं. भावे तेव्हा विशीतले होते हो, विशीतले! पुढे त्यांनी जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला, महाराष्ट्र सारस्वत, तो आजही अभ्यासकांना लागतो. मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, म्हणजे आपण पाच वर्षांनी पुढे, आणि २०१० मध्ये ठाण्यात ८४ वं साहित्य संमेलन झालं ते पण याच संस्थेने भरवलं. हे मी ठाण्यातल्या दहा जणांना सांगितलं तर आठ जण म्हणतात हो का, आम्हाला वाटलं साधी लायब्ररी आहे. सुभाष पथावरून रोज हजारो लोक स्टेशनला जातात, रिक्षाच्या लाइनला उभे राहतात, भाजी घेतात. ज्या गावाला पहिली रेल्वे आली त्याच गावात फक्त मराठी पुस्तकांचं असं सगळ्यात जुनं घर आहे, आणि पहिली गोष्ट शाळेत शिकवतात, दुसरी नाही.

ठाणे बघायला येणाऱ्याला आपण काय दाखवतो? मासुंदा तलाव, कोपिनेश्वर, गडकरी रंगायतन, फार तर बाहेरून जेल, म्हणजे १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला. सगळं चालण्याच्या अंतरावर. मग याच फेरीत ग्रंथसंग्रहालय का नको? कोपिनेश्वराला नमस्कार करून जांभळी नाक्यावरून दहा मिनिटांत माणूस तिथे पोचतो. माझं म्हणणं एवढंच की आठवड्यातून एक दिवस, रविवार सकाळ म्हणा, एक तास पाहुण्यांसाठी ठेवावा. पंधरा वीस जणांच्या वर नको. आधी बाहेरच सांगायचं की फोन सायलेंट, फ्लॅश नाही, वाचकांच्या खोलीत बोलणं नाही. मग एका टेबलावर जुनी नियतकालिकं, सुरुवातीच्या काळातली छापील पुस्तकं काढून ठेवायची, नाजूक असतील तर रंगीत झेरॉक्स ठेवा, हात लावता येईल अशी. माणसाला पानाला हात लावायचा असतो. जुन्या मराठीतला मोडी लिपीत लिहिलेला एखादा कागद आणि तो वाचून दाखवणारं कोणी असलं तर पोरं हलणार नाहीत, ठाण्यात मोडी जाणणारी माणसं आहेत, वर्ग चालतात.

सांगणार कोण हा प्रश्न येईलच. ठाण्यात रिटायर झालेले मराठीचे शिक्षक कमी आहेत का? एकेकाला महिन्यातून एक रविवार दिला तरी वर्ष निघेल, कॉलेजमधल्या मराठीच्या मुलांना पण सोबत घ्या. त्यांना ओळखपत्र द्या, चहा द्या. मी स्वतः यायला तयार आहे आणि आमच्या सोसायटीतल्या अजून दोघी तयार आहेत. कर्मचाऱ्यांवर जास्तीचं ओझं टाकून हे करू नये असं मला मनापासून वाटतं, वाचनालयांमधली माणसं आधीच कमी पगारात खूप करतात, सरकारी अनुदान किती आणि कधी येतं ते या क्षेत्रातल्या कोणालाही विचारा. म्हणून दारात एक देणगी पेटी ठेवा, पाहुणा दहा वीस रुपये आनंदाने टाकतो, देवळात टाकतोच की.

शाळांनी सुद्धा सहलीत हे घ्यावं. वॉटर पार्कला बसभर पोरं जातात, जाऊ देत, पण त्याच वर्षात एक सकाळ वाचनालयाला. नवी मुंबईच्या शाळांनाही हे सोपं आहे, ट्रान्स हार्बरने वाशीहून ठाणं किती लांब? त्यांच्याकडे सगळं नवंकोरं, त्यांच्या मुलांनी तर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मराठी पुस्तकाचं पान बघायलाच हवं.

आणि सुरुवात करायला १ जून सारखा दिवस नाही, संस्थेचा वाढदिवस, शाळा सुरू व्हायच्या असतात, पोरं घरात कंटाळलेली असतात. येत्या १ जूनला दिवसभर दार सगळ्यांसाठी उघडं ठेवावं अशी ग्रंथसंग्रहालयाच्या कार्यकारिणीला या पत्रातून विनंती करते, आणि महापालिकेला ही की ठाण्याच्या प्रेक्षणीय स्थळांच्या पाट्या जिथे जिथे लावल्यात तिथे ग्रंथसंग्रहालयाचं नावही यावं, बाणासकट.

तुमच्याकडूनही एक हवंय. रविवारच्या पुरवणीत एक छोटी चौकट द्या, ठाणे, मुंबई, कल्याण, नवी मुंबईतली जुनी वाचनालयं, कुठे आहेत, केव्हा उघडी असतात, बघायला गेलं तर कोणाला भेटायचं. मागचं पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांनाही माझं निमंत्रण आहे, त्यांनी पाहुण्यांसाठी शांततेचे नियम लिहून द्यावेत, त्यांच्याइतकं ते कोणी नीट लिहिणार नाही, आम्ही ते छापून दारात लावू.

कळावे,
आपली एक वाचक,
पाचपाखाडी, ठाणे (प.)